हाताने बांधलेली पुस्तकं आणि वह्यांची रेंज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वह्या बांधायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की शेवटी एका जागी लिहून टाकलं. क्रम काही नाही, जसे आठवले तसे लिहिलेत. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे खरंच घोळ असतो, काही दोन ओळींत संपतात कारण त्यात सांगण्यासारखं तेवढंच आहे.

प्र. सुरुवात कव्हरपासून करायची ना? डोक्यात कव्हरच आहे.

सगळ्यांच्या डोक्यात कव्हरच असतं, माझ्याही होतं. पण वही विकत घेणारा कव्हर बघतो पाच मिनिटं आणि कागदाशी त्याची गाठ पडते सहा महिने, त्यामुळे आधी कागद, मग साइझ, मग शिलाई आणि कव्हर सगळ्यात शेवटी. उलटं केलं की काय होतं ते सांगते. सुंदर जाड कापडाचं कव्हर ठरवून बसता, मग त्याला शोभेल म्हणून जाड कागद घेता, जाड कागदाची वही उघडी राहत नाही म्हणून घेणारा एका हाताने ती दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने लिहितो, आणि पंधरा दिवसांत ती कपाटात जाते. वही कोण वापरणार, कुठल्या पेनाने, टेबलावर की मांडीवर, हे आधी कागदावर लिहून काढा. निम्मं डिझाइन तिथेच होतं.

प्र. जीएसएम किती घ्यायचा?

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन, बास. ए झिरो शीट बरोबर एक चौरस मीटरची असते आणि ए फोर तिचा सोळावा भाग, म्हणून ८० जीएसएमचा एक ए फोर कागद ५ ग्रॅम भरतो. हे माहीत असलं की वहीचं वजन घरबसल्या काढता येतं, कुरियरच्या हिशोबाला फार उपयोगी पडतं.

पण लोक जीएसएमला क्वालिटी समजतात, तिथे चुकतं. शाईचं पेन चालेल की नाही हे जाडीपेक्षा सायझिंगवर ठरतं, म्हणजे कागद बनवताना त्यात किंवा त्यावर पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून जे घालतात त्यावर. टोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद ५२ जीएसएमचा, हातात घेतला तर कांद्याच्या सालीसारखा पातळ, पण फाउंटन पेनवाले त्याच्यावर जीव टाकतात कारण शाई पसरत नाही आणि मागे फुटतही नाही. पलीकडची अक्षरं दिसतात हं, ते वेगळं. शाई रेघेच्या बाजूला तंतूंतून पसरते ती एक तक्रार, मागच्या बाजूला डाग येतो ती दुसरी, आणि नुसती सावली दिसते ती तिसरी, आणि तिन्हींची कारणं वेगळी. कागद घ्यायच्या आधी दोन शीट मागून घ्या, चार प्रकारच्या पेनांनी लिहा, एक दिवस तसंच ठेवून मागची बाजू बघा.

साध्या वापराला ८० ते १००, शाईच्या पेनाला चांगलं सायझिंग असलेला ९० ते १२०, आणि वॉटरकलरला २०० च्या वर, असं मी ढोबळ धरते.

प्र. हातकागदाची पूर्ण वही केली तर? दिसते फार छान.

दिसते छान, लिहायला बहुतेक वेळा त्रास. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद मजबूत असतो, टिकतोही, पण सायझिंग कमी असलं तर शाई टीपकागदासारखी पिते. पाण्याचा एक थेंब टाका, लगेच गायब झाला तर त्यावर शाईचं पेन विसरा. शिवाय प्रत्येक शीटची जाडी थोडी वेगळी, त्यामुळे कण्याची रुंदी दर वहीला बदलते आणि एकाच मापाची वीस कव्हरं आधी कापून ठेवली असतील तर झालं कल्याण. मी हातकागद कव्हरला, अस्तराच्या पानांना (कव्हरच्या आतून चिकटवतात ती) आणि स्केचबुकला वापरते. कडा फाटल्यासारख्या नैसर्गिक ठेवायच्या असतील तर पानं उलटताना बोटाला एकसारखी धार मिळत नाही हेही लक्षात ठेवा.

प्र. ग्रेन ग्रेन म्हणतात ते नक्की काय? इतकं महत्त्वाचं आहे का?

हो. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मशीनवर कागद बनतो तेव्हा तंतू बहुतेक एका दिशेने झोपतात, ती ग्रेनची दिशा. त्या दिशेला कागद सहज घडी होतो आणि सरळ फाटतो, आडवा दुमडला तर घडीवर खरखरीत तडा जातो. कागद ओला झाला की तो ग्रेनला आडवा जास्त फुगतो, लांबीला अगदी थोडा. म्हणून नियम एकच, ग्रेन कण्याला समांतर हवा. पानांचा, पुठ्ठ्याचा, कव्हरच्या कापडाचा, अस्तराचा, सगळ्यांचा.

ओळखायचं कसं? शीट हलकेच वाकवून बघा, कापू नका, नुसती गोल वाकवा, कमी विरोध होतो तेव्हा वाकाची रेघ ज्या दिशेला पडते ती ग्रेन. शंका असली तर छोटा तुकडा एका बाजूने ओला करा, तो आपोआप नळीसारखा वळतो आणि नळीची लांबी म्हणजे ग्रेन.

आता खरी गंमत. बाजारात मिळणाऱ्या ए फोरचा ग्रेन सहसा लांब बाजूला असतो. तो मधे दुमडून ए फाइव्ह वही केली की घडी येते आखूड बाजूला समांतर, म्हणजे ग्रेनला बरोबर आडवी. माझी पहिली चाळीस वह्यांची बॅच अशीच गेली, पानं लाटांसारखी झाली आणि कुठलीच वही मिटून राहीना, मी मात्र महिनाभर डिंकाला दोष देत बसले होते. उपाय सोपा आहे: लांब ग्रेनचा ए थ्री घ्या आणि मधे कापून दोन ए फोर करा, त्यांचा ग्रेन आखूड बाजूला येतो, ते दुमडले की ए फाइव्हला बरोबर बसतं. आणि ए सिक्स खिशातली वही करायची असेल तर साधा ए फोरच मधे कापून दुमडा, तिथे ग्रेन आपोआप नीट येतो.

प्र. साइझ कोणती ठेवू?

हातात धरून ठरवा. ए फाइव्ह म्हणजे १४८ बाय २१० मिमी, ए सिक्स १०५ बाय १४८. ए सिरीजची गंमत अशी की बाजूंचं प्रमाण १ ला १.४१४ असल्यामुळे मधे कापलं तरी आकार तोच राहतो, कागद वाया जात नाही. चौकोनी वही फोटोत गोड दिसते पण जवळजवळ प्रत्येक शीटमधून एक लांब पट्टी कचऱ्यात जाते, आणि ती पट्टी तुमच्याच पैशाची असते.

छोट्या आकाराला इतिहासही मोठा आहे. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियसने १५०१ पासून जुन्या अभिजात साहित्याची हातात मावतील अशी छोट्या आकाराची पुस्तकं छापायला घेतली, त्याआधी असलं साहित्य बहुतेक मोठ्या आकारात, टेबलावर ठेवून वाचायचं. पुस्तक बरोबर नेता येणं हीच तेव्हा डिझाइनमधली मोठी उडी होती. तुमची वही पर्समध्ये जाते का, पँटच्या खिशात वाकते का, हे प्रश्न तेव्हापासूनचे आहेत.

माझा सल्ला, साइझ ठरवायच्या आधी कोऱ्या कागदाची डमी करा आणि आठवडाभर बरोबर वागवा.

प्र. पान आणि पृष्ठ यात फरक काय? प्रिंटरने दुप्पट कोटेशन दिलं.

बोलताना आपण दोन्हीला पानच म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. पान म्हणजे एक कागद, त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन पृष्ठं. एक शीट मधे दुमडली की दोन पानं, चार पृष्ठं. चार शीट एकात एक घातल्या की एक जुडी, आठ पानं, सोळा पृष्ठं. अशा सहा जुड्या म्हणजे ४८ पानं, ९६ पृष्ठं. प्रिंटरशी बोलताना शीट किती आणि पृष्ठं किती, दोन्ही आकडे लिहून द्या. फोनवर बोलू नका.

प्र. कुठली शिलाई कशाला?

पँफ्लेट शिलाई: एकच जुडी, तीन किंवा पाच भोकं, पातळ वहीला उत्तम आणि शिकायला सगळ्यात सोपी. मधल्या भोकातून आतून बाहेर या, वरच्या भोकातून आत जा, आतल्या बाजूने मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, मग परत मधल्यातून आत, आणि दोऱ्याची दोन टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. एवढंच. दहा मिनिटांत पहिली वही होते.

कॉप्टिक: जुड्या एकमेकींना साखळीच्या टाक्याने जोडलेल्या, कणा उघडा. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिश्चनांच्या जुन्या पुस्तकांवरून हे नाव आलं. वही पूर्ण सपाट उघडते, अगदी मागे वळवून ठेवता येते, म्हणून चित्र काढणारे आणि डायरीवाले यावर खूश असतात. कमकुवत जागा एकच, कव्हर फक्त दोऱ्यावर लटकतं, त्यामुळे शिवताना दोरा सैल राहिला की वही दोन महिन्यांत खुळखुळायला लागते. आणि दोरा खेचायचा तो कण्याला समांतर, आपल्या अंगाकडे खेचला तर कागद चिरतो.

लाँग स्टिच: जुड्या सरळ मऊ कव्हरवर शिवायच्या, चामडं किंवा जाड कॅनव्हास. बाहेरून टाके दिसतात, तेच डिझाइन.

जपानी बाजूची शिलाई: सुट्टी पानं एकावर एक ठेवून कडेपासून थोडं आत भोकं पाडून शिवायची. दिसायला फार देखणी, पण सपाट उघडतच नाही, कण्याकडे १२ ते १५ मिमी जागा जाते. लिहायच्या वहीला मी ती देत नाही, फोटो किंवा प्रिंटच्या अल्बमला देते. जाड कागद घातला तर तिथेही पान उलटत नाही.

पुठ्ठ्याची पक्की बांधणी म्हणजे केस बाइंडिंग: जुड्या शिवून, कण्याला जाळीचं कापड आणि कागद लावून, वेगळं तयार केलेलं पुठ्ठ्याचं कव्हर, म्हणजे केस, वर चढवायची. वेळ जास्त, आयुष्यही जास्त.

आणि नुसत्या गोंदावर चिकटवलेली, जिला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात, ती हाताने करू नका. कागद सुट्टा होतोच. मशीनवर पीयूआर गोंदाने केलेली चांगली टिकते, पण ते घरचं काम नाही.

प्र. पिन मारलेली वही किती जाड चालते?

८० जीएसएमच्या १६ शीट म्हणजे ६४ पृष्ठं, त्यापुढे वही फुगते. शिवाय आतल्या शीट बाहेर सरकतात: कागद ०.१ मिमी जाड धरला तर सोळा शीटमध्ये सगळ्यात आतली जवळपास दीड मिमी पुढे येते. म्हणून दुमडून पिन मारल्यावरच पुढची कड कापायची, आधी नाही, आणि आतल्या पृष्ठांवर काही छापलं असेल तर बाहेरच्या समासात तेवढी जास्त जागा सोडायची. मी एकदा पृष्ठक्रमांक अगदी कडेला ठेवले होते, मधल्या चार पृष्ठांवरचे निम्मे कापले गेले.

प्र. दोरा कुठला?

लिननचा. ताणला तरी लांबत नाही आणि कागदात घट्ट बसतो. कापूस चालतो पण तुटतो, पॉलिएस्टर मजबूत पण पातळ कागदाला सुरीसारखा कापतो. दोऱ्यावर मधमाश्यांचं मेण फिरवा, एकदा ओढला की बास, थर नको. लांबी किती? वहीची उंची गुणिले जुड्या, वर दोन उंच्या गाठी-कव्हरसाठी. हाताच्या पसाऱ्यापेक्षा लांब दोरा घेऊ नका, गुंता सोडवण्यात शिवण्यापेक्षा जास्त वेळ जातो, मधे जोड दिलेला बरा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: दोऱ्यामुळे कणा फुगतो. जितक्या जास्त जुड्या आणि जितका जाड दोरा तितका कणा पुढच्या कडेपेक्षा जाड. पातळ जुड्या खूप असतील तर बारीक दोरा, जाड जुड्या कमी असतील तर जाड चालतो.

प्र. टूल्स काय काय लागतात? यादी बघूनच घाबरले.

टोचा किंवा दाभण, बोथट टोकाची सुई, घडी दाबायला हाडाची पट्टी, स्टीलची पट्टी, चांगला कटर, कापायची मॅट, आणि वजन. वजन म्हणजे कागदात गुंडाळलेल्या विटा, खरंच. प्रेस नंतर घ्या. पातं मात्र वेळेवर बदला, बोथट पात्याने कागदाची कड केसाळ होते आणि मग आपण कागदाला नावं ठेवतो.

प्र. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद चालेल का?

हा पांढरा गोंद म्हणजे पीव्हीए, तो चालतो, फक्त वाळल्यावर लवचिक राहणारा घ्या. हस्तकलेच्या काही गोंदांचा थर वाळून काचेसारखा कडक होतो, मग कणा उघडताना तडकतो. पीव्हीए पटकन धरतो, हलवायला वेळच देत नाही, आणि एकदा लागला की परत निघत नाही. गव्हाच्या पिठाची किंवा स्टार्चची खळ सावकाश वाळते, सरकवून नीट बसवता येते, आणि पाण्याने परत सोडवता येते म्हणून जुनी पुस्तकं दुरुस्त करणारे तीच वापरतात. दोन्ही मिसळून वापरलं तर कापड चढवायला सोपं जातं. खळीला कसर लागते हे मात्र खरं, त्यातल्या स्टार्चवर ती जगते, म्हणून वह्या दमट कपाटात ठेवू नका.

प्र. पुठ्ठा वाकडा होतो. काहीही केलं तरी.

बहुतेक वेळा ग्रेन, नाहीतर पाणी. कव्हरचं कापड किंवा कागद गोंदाने ओला होऊन फुगतो, पुठ्ठ्यावर चिकटतो, आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मग आतून अस्तराचं पान लावलं की ते विरुद्ध बाजूने ओढतं आणि हिशोब बरोबर होतो. म्हणजे अस्तर नुसतं शोभेला नसतं. किंचित आतल्या बाजूला वाकलेला पुठ्ठा चांगलाच, तो पानांना मिठी मारून बसतो, बाहेर वाकला तर वही फणा काढल्यासारखी दिसते.

अस्तर लावल्यावर त्याच्या आणि पानांच्या मधे मेणकागद सरकवा, टिपायला टीपकागद ठेवा, वजनाखाली रात्रभर, जमलं तर २४ तास. घाईत दोन तासांनी काढून बघायचा मोह सगळ्यांना होतो. बघू नका.

प्र. पुठ्ठ्याची मापं कशी काढायची?

पानाच्या उंचीत ६ मिमी मिळवा, वर ३ खाली ३. रुंदी पानापेक्षा ३-४ मिमी कमी, आणि कणा आणि पुठ्ठा यांच्या मधे साधारण ७ मिमी फट, म्हणजे पुढे सुमारे ३ मिमी कव्हर बाहेर राहतं. पुठ्ठा जाड असला की फट वाढवा. कापड सगळीकडून १५ ते २० मिमी जास्त, कोपरे ४५ अंशात कापायचे पण पुठ्ठ्याच्या टोकाला लागून नाही, पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट अंतर सोडून, नाहीतर कोपऱ्यात राखाडी पुठ्ठा डोकावतो. आणि कण्याची रुंदी गणिताने काढू नका, शिवून झालेला गठ्ठा हलका दाबून मोजा.

प्र. साधं कापड, म्हणजे जुनी साडी किंवा ओढणी, कव्हरला वापरता येईल?

येईल, पण मागून पातळ कागद चिकटवून वाळवल्याशिवाय नाही. तसंच लावलं तर गोंद विणीतून वर येतो आणि डाग कायमचा. सिल्कला तर फारच जपा. जरीचा भाग कोपऱ्यावर आणू नका, दुमडत नाही.

प्र. आत रेघा, चौकटी की डॉट?

डॉट ५ मिमीवर, हे आता जवळपास ठरलेलंच आहे. पण ते पानावर कुठून सुरू होतात ते बघा. ए फाइव्हची रुंदी १४८, त्यात ५ मिमीचे २९ घर बसतात आणि कडेला फक्त दीड मिमी उरतो, कटिंग अर्धा मिमी इकडे तिकडे झालं की लगेच डोळ्यात येतं. त्यापेक्षा २७ घरं घ्या, १३५ मिमी, दोन्हीकडे साडेसहा उरतात. उभ्यात ३९ घरं, १९५ मिमी, वर खाली साडेसात. वही एकदम शांत दिसते.

रेघांबद्दल माझं एक ठाम मत आहे. ६ किंवा ७ मिमीच्या रेघा रोमन लिपीत लिहायला बऱ्या. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय जोडाक्षर खाली उतरलं तर अजून जागा, त्यामुळे खालच्या ओळीच्या मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला टेकतात. मराठीत लिहिणाऱ्यासाठी वही करत असाल तर ८ मिमी ठेवा, मोठं अक्षर असेल तर ९. मी हा बदल केला तेव्हा कोणी नेमकं काय बदललं ते ओळखलं नाही, नुसतं म्हणाले की या वहीत माझं अक्षर बरं येतं.

रंग फिका ठेवा. पण काळ्याची टक्केवारी कमी करून रेघ फिकी केली तर छपाईत ती ठिपक्यांची होते, तुटक दिसते. ऑफसेटला वेगळी राखाडी शाईच वापरायला सांगा. आणि दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींवर आल्यात का ते कागद उजेडाला धरून बघा, एक मिमी सरकलं तरी पातळ कागदात पान गढूळ वाटतं.

प्र. कव्हरची फाइल प्रिंटरला देताना?

चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेर वाढवलेलं चित्र, फोटो ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा कागदावर तसा येणार नाही, आधी एक प्रिंट काढूनच रंग पास करा. फॉइल किंवा दाबून उमटवलेलं अक्षर हवं असेल तर बारीक रेघा टाळा, जाड विणीच्या कापडावर त्या भरून जातात किंवा तुटतात. नाजूक शिरोरेषेचा फॉन्ट तिथे हमखास फसतो.

प्र. रेंज करायची तर किती प्रकार?

कमी. अजून कमी. तीन साइझ, दोन आतली पानं, चार रंग म्हणजे २४ प्रकार झाले, प्रत्येकाच्या वीस केल्या तर ४८० वह्या, आणि त्यातले दोन रंग कोणी घेतच नाही. एक साइझ, दोन आतली पानं, तीन कव्हरं, म्हणजे सहा. एवढ्यावर सुरू करा.

रेंज म्हणजे सारखं दिसणं नाही, एका घरची वाटणं. एक-दोन गोष्टी पक्क्या ठेवा, बाकी बदलू द्या. माझ्याकडे दोऱ्याचा रंग कायम अस्तराच्या रंगाचा असतो आणि मागच्या कव्हरवर उजवीकडे खाली छोटा छाप. कापडं दर वेळी वेगळी असतात कारण एकच कापड परत मिळेल याची खात्री नसते. ही मर्यादाच होती, नंतर तीच ओळख झाली. जे परत मिळणार नाही त्यावर पूर्ण रेंज उभी करू नका एवढं मात्र पाळा. कागद, दोरा, पुठ्ठा या गोष्टी कायम मिळणाऱ्या हव्यात.

आणि सगळ्या साइझ एकाच मोठ्या शीटमधून निघतील असं बघा, मोठ्या वहीच्या कटिंगमधून छोटी निघाली तर छोटीचा कागद जवळजवळ फुकट पडतो.

प्र. किंमत कशी लावायची? वेळ धरला तर कोणी घेणारच नाही.

वेळ धराच. एका वहीचा नाही, दहा वह्यांचा लागोपाठ वेळ लावा, त्यात कापणं, भोकं, गोंद वाळायची वाट, पॅकिंग सगळं. सामान, वेळ, दहातली एक बिघडते ती, आणि लाइट-भाडं-कुरियरचा वाटा. हा झाला खर्च, त्यावर तुमचा नफा, ती तुमची घाऊक किंमत. दुकानात ठेवायची असेल तर दुकान बऱ्याचदा विक्रीच्या किमतीचा ४० ते ५० टक्के वाटा घेतं, म्हणजे छापील किंमत घाऊकच्या दुपटीच्या जवळ जाते. आधी स्वतः स्वस्तात विकून मग दुकानात गेलात की फसता, कारण आता किंमत वाढवायला तोंड राहत नाही.

किंमत जास्त वाटत असेल तर वेळ कुठे जातो ते बघा. माझा निम्मा वेळ भोकं पाडण्यात जायचा, पुठ्ठ्याचा व्ही आकाराचा पाळणा आणि एक कागदी टेम्पलेट केल्यावर तो तिसऱ्या हिश्शावर आला.

प्र. थोडं काम बाहेर दिलं तर "हॅन्डमेड" म्हणता येईल?

छपाई आणि कटिंग मी बाहेरच देते, शिलाई आणि बांधणी हाताने. लेबलवर "हाताने शिवलेली" लिहिते, जे खरं आहे तेच. कटिंगला देताना मात्र समोर उभ्या राहा. एका ठिकाणी माझा शिवलेला गठ्ठा उलटा ठेवून कण्याकडून दोन मिमी कापला होता. सगळे टाके गेले. त्यानंतर कण्याला लाल टेप लावूनच गठ्ठा देते.

प्र. कोऱ्या वहीला आयएसबीएन लागतो का?

नाही, मिळतही नाही. तो पुस्तक ओळखायचा क्रमांक, मजकूर असलेल्या पुस्तकांसाठी. दुकानाला स्कॅन करायचा असेल तर साधा प्रॉडक्ट बारकोड वेगळा घ्यावा लागतो.

प्र. वही किती वर्षं टिकेल असं सांगू?

वर्षं सांगू नका. आम्लरहित कागद वापरला असेल तर तसं लिहा, तेही पुरवठादाराकडून लेखी घेतल्यावर. आम्ल असलेला कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, वर्तमानपत्र उन्हात ठेवून बघा, काही दिवसांत कळेल. आणि महागडा कागद घालून आत स्वस्त राखाडी पुठ्ठा लावला तर त्यातलं आम्ल अस्तरात उतरू शकतं.

प्र. बिघडलेल्या वह्यांचं काय करता?

टाकत नाही. तिरकी कापलेली वही पेन टेस्ट करायला, फाटलेल्या जुड्या नवीन टाका शिकायला, पट्ट्यांचे बुकमार्क आणि टॅग. पुठ्ठ्याचे तुकडे छोट्या वह्यांना. यात नवीन काही नाही, १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ पपायरसच्या जुन्या हस्तलिखितांचा साठा सापडला, त्यांची चामड्याची कव्हरं आतून जाड करायला रद्दी पपायरस वापरला होता, पावत्या, पत्रं असलं काहीबाही, आणि त्या रद्दीतल्याच काही तारखांवरून ती बांधणी चौथ्या शतकातली असल्याचं ठरवायला मदत झाली. तेव्हापासून मी फसलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने तारीख आणि काय चुकलं ते लिहून ठेवते. सध्या सगळ्यात वरच्या वहीवर लिहिलंय, "ग्रेन. परत."